शुक्रवारचा थर

१

सून पाचला कारखान्यातून येते आणि झोपेपर्यंत एक कप विसळत नाही, ही तेरेझ गोंबोशची तक्रार हॅरो बेंडच्या सगळ्या हंगेरियन गल्लीला तोंडपाठ होती. त्या सोमवारी सकाळी शेजारणीला ती पुन्हा ऐकावी लागली. शेजारीण दोरीवर कपडे वाळत घालत होती, दोन्ही हात ओल्या चादरीत अडकलेले, पळणार कुठे?

"विजार घालते? घालू दे. सिगारेट ओढते? ओढू दे, धूर तिच्या छातीत जातोय. पण हाताला काही वळण? शुक्रवारपासून दोन कप फोडलेत बाईनं! कपांना रेशन नाही म्हणून काय झालं, दुकानात आहेत कुठे? आणि काम म्हणशील तर चार महिन्यांत एकदा, एकदाच हो, परवा शुक्रवारी चरबीचा डबा उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवला. आता तेवढ्यासाठी वॉशिंग्टनला तार करू का मी?"

"माझी तर स्वयंपाकघरात पायसुद्धा ठेवत नाही, नेनी," शेजारीण म्हणाली. गल्लीतली लहानथोर सगळी तेरेझला नेनी म्हणत. गावाकडे मावशीला नेनी म्हणतात, पण इथे तो शब्द फौजदारासारखा वापरला जाई.

"ती तुझी गं. तुझ्या मुलाला निवडता येत नव्हतं. माझ्या लात्सीनं डोळे उघडे ठेवून निवडलीय."

लात्सी इटलीत लढाईवर होता. पुढच्या खिडकीत त्याच्या नावाचं निळ्या ताऱ्याचं निशाण टांगलेलं होतं. दुसऱ्याच्या काचेवरची धूळ तेरेझला लांबून दिसे, स्वतःची काच मात्र ती रोज पुसायची.

फाटक वाजलं. व्हिल्मा आली होती. सकाळचे साडेसात वाजले होते आणि या वेळी तिनं नदीकाठच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, चार नंबरच्या शेडमध्ये तोफगोळे भरत असायला हवं होतं.

"काय गं? कारखाना जळला की काय?"

"आत घेतलं नाही, आई." व्हिल्माचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. "माझा बिल्ला नाही. कोटावरनं कुणीतरी काढून घेतलाय. घरातनंच."

२

त्या बिल्ल्यावर तिचा फोटो होता, नंबर होता. तो दाखवल्याशिवाय कारखान्याच्या फाटकातून मांजरसुद्धा आत जात नसे. हरवला तर साधी हरवाहरवी नव्हे. लढाईचे दिवस, आत दारूच दारू. कुणाच्या हाती लागला आणि कोण आत शिरलं तर?

म्हणून संध्याकाळी कारखान्याच्या पहारेकऱ्यांचा नायक हॅडली स्वतः आला. थकलेला, मोठ्या पावलांचा माणूस. तेरेझनं त्याला कॉफी दिली, साखर दिली नाही.

"शेवटचा कधी पाहिलात?" त्यानं व्हिल्माला विचारलं.

"शनिवारी संध्याकाळी. मला सुट्टी होती. बोळात कोट टांगलेला होता, त्यावर बिल्ला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. रविवारी कोटाला हात लावला नाही. आज सकाळी बघते तर नाही."

"शनिवारी घरात कोण होतं?"

"सगळेच. पत्ते चालले होते पुढच्या खोलीत. गल्लीतले पाचसहा जण होते."

पिंतेरनं घसा साफ केला. हा म्हातारा ब्रह्मचारी अकरा वर्षं तेरेझच्या घरी जेवूनखाऊन राहत होता. रेल्वेच्या फाटकावर कामाला होता, आणि जगाचं सगळं येणंजाणं आपल्या परवानगीनं चालतं अशी त्याची समजूत होती.

"सगळे पत्ते खेळत होते," तो म्हणाला. "ही सोडून. ही रुमाल आणायला म्हणून बोळात गेली आणि बराच वेळ आलीच नाही."

ही म्हणजे ओपल. केंटकीच्या डोंगरातून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी, माडीवरच्या खोलीत राहणारी. पंधरवड्यापूर्वी सतत खोकते म्हणून कारखान्यानं तिला काढलं होतं. आता ती धुलाईखान्यात चादरी उकळत होती. केस व्हिल्मासारखेच पिवळे.

"मी रडत होते," ओपल म्हणाली. "घरनं पत्र आलं होतं. लोकांसमोर कुठे रडू?"

"बिल्ल्यावरचा फोटो अंगठ्याएवढा असतो," पिंतेर म्हणाला. "पिवळे केस दिसले की झालं."

"पिंतेर, तू फाटक उघड, तोंड नको," तेरेझ म्हणाली.

हॅडलीनं वहीत काहीतरी लिहिलं. मग तेरेझकडे न बघता म्हणाला, "सुनेनं नोकरी सोडावी असं तुम्हीही म्हणत होतात, असं गल्लीत ऐकलं."

तेरेझनं किटली चुलीवरून उतरवली.

"म्हणत होते," तेरेझ म्हणाली. "तोंडावर म्हणत होते. तीस वर्षं या गल्लीत राहतेय मी, कुणाच्या पाठीमागे काही केलेलं दाखवा. मला पाठीमागचं काही जमतच नाही, साहेब. आवाज फार मोठा आहे माझा."

हॅडली हसला नाही. "उद्या चारला गाडी घेऊन येतो. बिल्ला मिळाला तर ठीक. नाहीतर ओपलबाईंना कोर्टाच्या गावी न्यावं लागेल. ही लढाईच्या काळातली चोरी आहे, पोरी. नुसती नोकरी जाण्यावर भागणार नाही."

तो गेल्यावर ओपल माडीवर गेली. वरून पेटी ओढल्याचा आवाज आला. व्हिल्मा जिन्याच्या दाराशी उभी होती. कितीतरी वेळ उभी होती. एक शब्द बोलली नाही.

३

मंगळवार चरबीचा वार. कढईत, तव्यावर उरलेली चरबी बायका फडक्यातून गाळून पत्र्याच्या डब्यात साठवत आणि खाटकाला देत. सरकार म्हणे त्यातून बाँबची दारू करी. यावर तेरेझचा विश्वास नव्हता. पण खाटीक चरबीच्या बदल्यात रेशनच्या लाल टिकल्या देई आणि लाल टिकल्यांवर मांस मिळे, यावर होता. चरबीवर वाढलेल्या हंगेरियन बाईला ती अशी देऊन टाकणं जिवावर येई. तरी तिच्याइतकी स्वच्छ चरबी गल्लीत कुणाची नसे, आणि हे ती खाटकाकडून दर मंगळवारी वदवून घेई.

आज मात्र तिचं लक्ष नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही माझ्या घरात, हेच डोक्यात घोळत होतं. पोरगी चोर नव्हती. चोर पोरी ताट चाटूनपुसून झाल्यावर पुन्हा वाढून घ्यायच्या आधी तुमच्याकडे बघत नाहीत.

श्लेगेल खाटकानं नेहमीप्रमाणे डबा गरम पाण्याच्या पातेल्यात क्षणभर बसवला, कागदावर उपडा केला आणि बुडावर थाप मारली. चरबीची वडी अख्खीच्या अख्खी बाहेर आली. थंडीनं दगड झालेली, थरावर थर चढलेली. डब्याच्या तळाकडच्या बाजूला, वडीच्या कडेला काहीतरी चमकलं.

श्लेगेलनं सुरीच्या टोकानं टकटक केलं. "अरे वा, नेनी! वजन वाढवायला आता लोखंड का? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हं!"

दुकानातल्या दोन बायका हसल्या. तेरेझच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"श्लेगेल," ती हळू म्हणाली, "तुझा अंगठा तराजूच्या ताटलीवर किती वर्षं राहतोय ते मी या दोघींना सांगू, का तू ती वडी गुपचूप कागदात बांधून देतोस?"

श्लेगेलनं वडी बांधली. रिकामा डबाही दिला. हल्ली कॉफी काचेच्या बरणीत येई. असा पत्र्याचा डबा लढाईच्या आधीचा, कोण सोडतो?

घरी येऊन तिनं दाराला कडी लावली आणि वडी पाटावर ठेवून उभी कापली. अर्ध्या भागातून, पिवळट थराच्या तळातून, अंगठ्याएवढी व्हिल्मा तिच्याकडे बघत होती.

४

तेरेझ शाळेत दोनच हिवाळे गेली होती. भिंतीवरचं कॅलेंडर तिला चित्रापुरतं कळे. पण वार तिला कधी विचारावा लागला नाही, कारण तिच्या चुलीवर प्रत्येक वार ठरलेला होता. ती पाटाशी बसली आणि वडीचे थर खालून वर वाचायला लागली. बाकीची माणसं वर्तमानपत्र वाचतात तशी.

वाचून झालं. मग तिनं बिल्ला एप्रनच्या खिशात टाकला, वडी परत कागदात बांधून खिडकीबाहेरच्या थंडीत ठेवली, आणि एकेकाला गाठलं.

पिंतेर पडवीत बूट पुसत होता.

"पुढच्या मंगळवारी डबा तू नेशील का श्लेगेलकडे? माझे गुडघे दुखतायत."

"नेतो की. या हिवाळ्यात तीनदा नेला. पण परत आणल्यावर धुवायला नका सांगू बुवा. हाताचा चिकटपणा दोन दिवस जात नाही."

ओपल माडीवर बांधलेल्या पेटीवरच बसली होती.

"पुढच्या मंगळवारी डबा नेशील का गं?"

ओपलनं वर बघितलं. तिला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. "नेनी, पुढच्या मंगळवारी मी असेन कुठे?"

"असलीस तर विचारतेय."

"नेईन. मागच्या महिन्यात नेला होता तसाच. वडी काढून घेतली की डबा मागून आणायचा, विसरायचं नाही. तुम्हीच दटावलं होतंत."

व्हिल्मा स्वयंपाकघरात आली होती, नळाचं पाणी पेल्यात घेत. पेल्याची कड नळाला लागून किणकिणत होती.

"पुढच्या मंगळवारी चरबीचा डबा तू नेशील का श्लेगेलकडे?"

व्हिल्मानं वळून बघितलं नाही. "नेईन, आई. पण आधी नवा डबा शोधायला हवा ना? जुना तर आज गेला."

तेरेझनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "साडेतीनला सगळ्यांनी इथे या. पिंतेरला म्हणावं, बूट काढून ये."

५

साडेतीनला तिघं टेबलाशी बसले. तेरेझनं मध्ये पाट ठेवला आणि त्यावर कापलेली वडी. बिल्ला तिनं शेजारी ठेवला. आवाज झाला.

ओपलच्या तोंडून "देवा" एवढंच आलं.

"हा चरबीत होता," तेरेझ म्हणाली. "आता नीट बघा. सगळ्यात वरचा हा पिवळा, मऊ. काय हा, पिंतेर?"

"कोंबडी. रविवार."

"काल सोमवारी शेंगांचं सूप होतं, चरबी नाही. रविवारच्या खालचा हा लाल?"

"सॉसेज, लाल मिरचीतलं," ओपल हळूच म्हणाली. "शनिवारी पत्त्यांच्या वेळचं."

"त्याच्या खाली हा, राखाडी पिवळा, वाळूसारखी कणी असलेला. मक्याच्या पिठात घोळून तळलेला मासा. फडक्यातून कितीही गाळा, बारीक कणी उतरतेच. या घरात मासा एकाच वारी. शुक्रवारी मांस शिजवलं तर पाद्री माझं तोंड बघणार नाही. आणि बिल्ला कुठे होता? या थराच्या तळाशी. कणी त्याच्या तोंडावर चिकटलीय, बघा."

पिंतेर पुढे वाकला. "म्हणजे शुक्रवारी पडला."

"पडला नाही. फडक्यातून गाळलेल्या चरबीत बिल्ला येत नाही. आणि गोठल्यावर वर ठेवला असता तर शनिवारी ओतताना मला दिसला असता. म्हणजे शुक्रवारी, चरबी पातळ असताना, कुणीतरी हातानं सोडला. थंडीत किती वेळ लागतो गोठायला? पाव तास. त्या वेळी तू कुठे होतास?"

"फाटकावर. दहापर्यंत. मासा गार खाल्ला मी."

"ओपल धुलाईखान्यात, आठपर्यंत. राहिलो दोघी."

व्हिल्मा बिल्ल्याकडे बघत होती, थरांकडे नाही.

"आता पिंतेर, मघाशी तू काय म्हणालास? डबा परत आणल्यावर धुवायला लावू नका. ओपल म्हणाली, डबा मागून आणायचा. श्लेगेल वडी दुकानातच काढतो, हे या दोघांना माहीत. मला तर माहीतच. ज्याला माहीत तो वडीत काही लपवेल का? मंगळवारी उघडं पडणार! चरबीत तोच लपवेल, ज्याला वाटतं डबा जसाच्या तसा कारखान्यात जातो आणि भट्टीत वितळतो. ज्यानं तो डबा जन्मात कधी दुकानात नेला नाही." ती थांबली. "'नवा डबा शोधायला हवा ना?' असं कोण म्हणालं?"

तिनं लाल थरावर बोट ठेवलं.

"आणि शनिवारी कोटावर बिल्ला पाहिला म्हणून शपथेवर सांगणारी एकटीच होती. शनिवारी तो सॉसेजच्या खाली होता."

व्हिल्मानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. हात थरथरत होते. ते थांबवायचा तिनं प्रयत्नही केला नाही.

"शुक्रवारी रोझ माझ्या शेजारी होती," ती म्हणाली. "एक डिटोनेटर तिच्या हातात फुटला. फार मोठा नाही. पण तीन बोटं गेली. आम्हाला सांगितलं, बाहेर बोलायचं नाही, लोक घाबरतील. दुपारी मला तिच्याच जागी उभं केलं. माझे हात असे. चार नंबरमध्ये असा हात चालत नाही, आई. मी हलले तर शेजारच्या सहा जणी जातात."

"मग सोडायचं."

"कारखान्याच्या चिठ्ठीशिवाय सोडता येत नाही. तसं सोडलं तर दुसरीकडे कुणी घेत नाही. आणि लात्सीला काय लिहू? तो तिकडे, आणि मी भ्याले म्हणून लिहू? म्हटलं बिल्ला गेला तर चौकशी होईपर्यंत आठवडाभर आत घेणार नाहीत. तोवर हात थांबतील. शनिवार सांगितला, कारण शनिवारी घर भरलेलं होतं. इतक्या माणसांत कुणा एकावर येणार नाही असं वाटलं."

"आली की," ओपल म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "माझ्यावर आली."

बाहेर गाडी थांबली. चारला दहा मिनिटं कमी होती.

तेरेझ उठली. "मी त्याला बिल्ला देऊन म्हणू शकते, चुकून चरबीत पडला. ओपल सुटेल. पण मग तू उद्या परत त्या शेडमध्ये उभी राहशील, या हातांनी." तिनं दाराची कडी काढली. "तूच सांग. मी शेजारी उभी आहे."

हॅडली आत आला, टोपी हातात. व्हिल्मानं उभं राहून सगळं सांगितलं, मध्ये दोनदा अडखळली, तरी थांबली नाही. बोलून झाल्यावर हॅडली खुर्चीत असा बसला, जणू आठवडाभरात पहिल्यांदाच बसतोय.

"रोझच्या घरी निरोप मीच घेऊन गेलो होतो," तो म्हणाला. "काल चार नंबरच्या तिघी माझ्याकडे हात दाखवून गेल्या. नाक्यापलीकडे खोक्यांवर नंबर रंगवायची शेड आहे. दारूचा कण नाही. तिथे माणसं कमी पडतायत. फोरमनशी मी बोलतो. बिल्ला सापडला एवढंच लिहितो." त्यानं बिल्ला उचलला, हुंगला. "मासा का हा?"

"नदीचा," तेरेझ म्हणाली.

"आणि ओपलबाई, खोकला गेला असेल तर रंगाच्या शेडमध्ये दोघींना जागा आहे." तो हे बोलला आणि ओपल मांडीत तोंड घालून रडायला लागली. या वेळी बोळात गेली नाही.

तेरेझनं हॅडलीला दुसरी कॉफी ओतली. साखरेचा डबा त्याच्यापुढे सरकवला, आणि पिंतेर त्या डब्याकडे डोळे विस्फारून बघत राहिला.

"तू काय बघतोस? वर जा आणि पोरीची पेटी सोडून ठेव. बांधायला तूच लावलीस."

पिंतेर मोज्यांनीच जिना चढला. हॅडलीची गाडी गेली. ओपल तोंड धुवायला नळाशी गेली. मग तेरेझ सुनेकडे वळली. व्हिल्मा भिंतीला टेकून उभी होती, चार दिवसांनी पहिल्यांदा खांदे सैल सोडून.

"हे बघ," तेरेझ म्हणाली. "भ्यालीस त्याचा मला राग नाही. शेजारणीची बोटं तुटताना बघून जो भीत नाही तो माणूस नव्हे, खांब. बिल्ला बुडवलास, तुझा होता. पण ओपल पेटी भरत होती तेव्हा तू जिन्याशी उभी राहून ऐकत होतीस आणि गप्प बसलीस, तो तुझा गुन्हा. त्याची शिक्षा ऐक. महिनाभर तिचं ताट तू वाढायचंस आणि तिचा कप तू विसळायचास, न फोडता. लात्सीला खरं ते लिहायचंस. तो माझा मुलगा आहे, त्याला भीती म्हणजे काय ते माहीत असणार. आणि पुढच्या वेळी आधी मला सांगायचं. तिखट आहे ती माझी जीभ, कान नाहीत. आता तो डबा घास. येत्या मंगळवारी श्लेगेलकडे तू न्यायचास, आणि रिकामा परत आणायचास. लढाईच्या आधीचा आहे तो."